अंतर कोठून मोजावे?

नागपूरहून मुंबई हवाई मार्गाने सुमारे ७०० किलोमीटर. विमान ते अंतर दीड तासात तोडते. हे ऐकून आमचे विद्यार्थी म्हणतात, “मुंबई आता जवळ आली!” कोणास जवळ, असे आम्ही त्यांस विचारतो. यवतमाळ ते नागपूर ही वाट अवघी १५० किलोमीटरांची. परंतु मोटारीने तीन तास, म्हणजे विमानाच्या दुप्पट वेळ, तिलाच लागतो. विमानतळावर तास-दोन तास आधी पोहोचावे लागते ते निराळेच. घाटंजी वा आर्णीकडील खेडुताचा प्रवास तर एस. टी.ची वाट पाहण्यापासूनच सुरू होतो. धावपट्टी यवतमाळासही आहे. नियमित प्रवासी विमान मात्र नाही. मूर्तिजापूरची अरुंद रुळांची ‘शकुंतला’ही आता येत नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, प्रवासाचा काळ धावपट्टीपासून नव्हे, घराच्या उंबरठ्यापासून मोजावा. तसे मोजल्यास, आकाशात वाचणाऱ्या दहा मिनिटांपेक्षा वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्ग पुरा होणे व खेड्याची गाडी वेळेवर येणे यांचेच मोल अधिक ठरते. रोग्यास नागपुरास न्यावयाचे असते, तेव्हा हा हिशेब केवळ वहीतला राहत नाही. पालकांनी तो मुलांकडून अवश्य करवून घ्यावा.