मुरूम विकावा काय?

पठारावर विहीर खणतांना पुष्कळ ठिकाणीं वर माती, तिच्याखालीं मुरूम, पुढें कच्चा खडक आणि शेवटीं सुरुंगावांचून न फुटणारा काळा पाषाण लागतो. आपण यांस चार निरनिराळ्या वस्तु समजतों. वस्तुतः हीं एकाच दगडाचीं चार वयें आहेत. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वर आलेला लाव्हारस थिजून दक्षिणेचा हा पाषाण झाला, व तेव्हांपासून तो झिजत आहे.

दगड उन्हानें तडकतो असें म्हणतात. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. खरें काम पाण्याचें. रस थंड होतांना पडलेल्या भेगांतून पावसाचें पाणी खालीं उतरतें. मुळें व सूक्ष्म जंतु यांच्या श्वसनामुळें मातींतील हवेंत कर्बाम्ल वायु बाहेरच्यापेक्षां कितीतरी पट अधिक असतो. तो पाण्यांत विरून सौम्य आम्ल होतें व दगडांतील खनिजें पोखरून त्यांची चिकणमाती करतें. चुना मोकळा होतो. लोह गंजून मुरमास तांबूस रंग चढतो. भेगांजवळचे कोपरे आधीं झिजतात, म्हणून मुरमांत कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे सांपडतात. पापुद्रे काढीत गेल्यास आंत तोच काळा दगड! सोलापुराकडे पाऊस थोडा, म्हणून सुटलेला चुना खालच्या थरांत चुनखडी होऊन राहतो. रत्नागिरीस शंभर इंचांहून अधिक पावसानें तो पार धुऊन गेला, व लोहानें भरलेला जांभा मागें उरला.

असा हा मुरूम आज ब्रासच्या भावानें विकला जात आहे. यंत्र येतें, चार दिवसांत उताराचा माळ खरवडून नेतें, आणि पडीक जमिनीचे पैसे झाले म्हणून मालक संतुष्ट होतो. आमच्या मतें हा व्यवहार आंतबट्ट्याचा आहे. एका एकरावरील एक इंच थर म्हणजे ३,६३० घनफूट, सुमारें ३६ ब्रास. तेवढी माती होण्यास शेंकडों वर्षें लागतात. शिवाय पावसाचें पाणी मुरतें व सांठतें तें याच झिजलेल्या थरांत. माळ उघडा पडला कीं तें पाणी ओढ्यावाटे निघून जातें, आणि माघांत खालच्या शेजाऱ्याची विहीर आटते. त्यानें कोणास विचारावें?

रस्त्यास मुरूम लागतो हें आम्हांस मान्य आहे. त्याच रस्त्यानें आम्हीही बाजारास जातों. पण तो एकाच ठिकाणीं, ओढ्यापासून व विहिरींपासून दूर खोल खणून घ्यावा. वरची माती निराळी ठेवून काम संपल्यावर परत पसरावी, आणि ही अट तोंडी न ठेवतां करारांत लिहून घ्यावी. ज्यांचा माळ पूर्वींच खरवडला गेला आहे, त्यांनीं मृगापूर्वीं समपातळींत ताली घालून गवत लावावें. ताल सर्व्हे नंबरच्या हद्दीवर घालूं नये. पाणी हद्द पाहून वाहत नाहीं. हद्द ओलांडून ताल न्यावयाची तर शेजाऱ्याशीं बोलणें आलें, आणि बहुतेक गांवांत काम अडतें तें येथेंच.