गाडीचा लपंडाव

मैत्रिणींनो, मिक्सर, इस्त्री आणि गीझर यांच्या दुखण्यांविषयी या सदरात आपण बोललो, तेव्हा तुमच्यापैकी काहीजणींनी लिहिलं, ‘घरातल्या वस्तूंचं झालं, आता दारातल्या गाडीचंही सांगा की.’ गाडीचं म्हणजे नव्या कोऱ्या गाडीचं नव्हे, बरं का. नवी गाडी बिघडली तर ती कंपनीच्या माणसांच्या गळ्यात घालता येते. प्रश्न असतो तो दहा-पंधरा वर्षांच्या, हप्ते केव्हाच फिटलेल्या आणि म्हणूनच विकवत नसलेल्या गाडीचा. त्यातही सर्वांत जीव खाणारं दुखणं म्हणजे विजेचं, जे कधी असतं आणि कधी नसतं. सकाळी गाडी चालू होते, दुपारी होत नाही. हॉर्न दिवसभर वाजतो आणि वळणावर नेमका मुका होतो. पुढचा एक दिवा खड्ड्यात चाक गेलं की लागतो, दुसऱ्या खड्ड्यात विझतो! आणि गॅरेजात नेली की ही बया इतकी शहाण्यासारखी वागते, जणू साहेब तपासणीला आल्यावरचा आमचा सातवीचा वर्ग. गॅरेजवाला आपल्याकडेच बघून हसतो. “वहिनी, गाडीला काही झालेलं नाही.”

झालेलं असतं. फक्त ते त्या वेळी दिसत नसतं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. घरातल्या दिव्याला दोन वायरी असतात, एक वीज आणणारी आणि एक परत नेणारी. गाडीत मात्र बहुतेक ठिकाणी आणणारी वायर तेवढी लांबून येते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच. बॅटरीच्या वजा टोकाची जाड वायर इंजिनला आणि बॉडीला नटबोल्टने आवळलेली असते. गॅरेजवाले याला ‘अर्थ’ म्हणतात. प्रत्येक दिवा, हॉर्न, वायपर कुठे तरी जवळच बॉडीला जोडलेला असतो आणि त्याचा करंट त्या सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. आता पंधरा पावसाळे खाल्लेल्या सांगाड्यावर, त्या बोल्टखाली गंज धरला, तर काय होणार? वीज येते, पण परत जाताना अडखळते. गाडी हादरली की रस्ता जुळतो, पुन्हा हादरली की तुटतो. खरोखर जळालेली वस्तू सहसा आपोआप बरी होत नाही. जे येतं-जातं, ते बहुतेक वेळा वस्तूचं दुखणं नसून जोडाचं असतं. रिले किंवा सेल्फचा आतला भाग झिजून असं होतं, नाही असं नाही. पण महागडी वस्तू बदलण्याआधी जोड बघायचे, एवढा हट्ट मात्र आपण धरायलाच हवा, कारण पैसे आपले जातात.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. आमची गाडी चौदा वर्षांची. आठवड्यातून दोनदा सासूबाईंना डायलिसिसला नेणं-आणणं माझ्याकडे असतं, कारण ह्यांची नोकरी फिरतीची. येताना वाटेत औषधांच्या दुकानाशी दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. आणि नेमकी तिथेच गाडी ‘कट्’ असा एकच आवाज करून गप्प बसायची! चार तास सुया टोचून घेऊन थकलेली म्हातारी मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेली, बाहेर ऊन, आणि मी किल्ली फिरवतेय. अर्ध्या तासाने हीच गाडी पहिल्या फटक्यात चालू. गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून ह्यांनी नवी बॅटरी आणली. दहा दिवस बरे गेले, अकराव्या दिवशी पुन्हा ‘कट्’. मग तो म्हणाला, आता सेल्फ बदला, नाही तर गाडीच काढून टाका. सासूबाई तर हळूच म्हणायला लागल्या, “मला आपली रिक्षानंच ने गं.” त्यांच्या त्या बोलण्याने मला फार लागलं.

तेव्हा मी दुधाच्या हिशेबाची वही उलटी केली आणि मागच्या बाजूने गाडीची नोंद सुरू केली. तारीख, वेळ, ऊन की पाऊस, गाडी किती चालली होती, बंद करून किती मिनिटं झाली होती, त्या वेळी पंखा, दिवे, रेडिओ यांतलं काय चालू होतं, आणि आवाज कसला आला. मैत्रिणींनो, या लेखातलं दुसरं काही केलं नाहीत तरी चालेल, पण ही नोंद जरूर ठेवा. तीन आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या आणि नऊच्या नऊ वेळा एकच गोष्ट: इंजिन चांगलं तापलेलं, आणि नुकतंच थांबलेलं. सकाळी थंड इंजिनवर एकदाही नाही. म्हणजे दोष तापल्यावर उठतो. बॅटरी तर नवीच, तिच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

माझ्या भावाने मल्टिमीटर आणून दिला. विजेच्या दुकानात काही शे रुपयांना साधा मिळतो, आणि तो वापरायला बी.ए.चं शिक्षणसुद्धा जास्तच होतं! गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मीच उरलेली. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.४च्या आसपास चढायला हवा. चढला नाही, तर चार्जिंगचं दुखणं. बऱ्याच गाड्यांत हे आकडे असेच असतात. अगदी अलीकडच्या गाड्यांत संगणक ते कमी-जास्त करतो, ते सोडून द्या.

पण खरी गंमत पुढे आहे. मीटरची एक काडी बॅटरीच्या वजा टोकावर ठेवायची, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगायची. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि आपला पदर, ओढणी, वेणी पंख्या-पट्ट्यापासून लांब. जोड चांगला असेल तर आकडा जेमतेम पाव व्होल्ट दिसतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, की समजायचं, परतीच्या वाटेवर कोणी तरी आडवं बसलंय. आमचा आकडा आला १.८! मग जंपर केबलची एक वायर बॅटरीच्या वजा टोकापासून थेट इंजिनच्या धातूला लावली, आणि तापलेली गाडी लगेच चालू झाली. म्हणजे सेल्फ निर्दोष. बॅटरीपासून इंजिनकडे जाणाऱ्या जाड वायरचं टोक सोडवलं, तर बोल्टखाली गंजाचा पापुद्रा, आणि वरचं काळं आवरण जरा सोललं तर आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या झालेल्या. नवी वायर आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये. पावती मी त्याच वहीत चिकटवून ठेवली आहे.

आता तुम्ही स्वतः काय काय बघू शकता? सुरुवात बॅटरीपासूनच करा. पण बॉनेटखाली हात घालण्याआधी हातातल्या सोन्याच्या बांगड्या, अंगठी आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवा. सासूबाई रागावल्या तरी चालेल! धातूची बांगडी बॅटरीचं अधिक टोक आणि गाडीचं लोखंड यांच्यामध्ये सापडली, तर क्षणात लालबुंद तापते आणि मनगट भाजतं. बॅटरीतून ज्वलनशील वायू निघत असतो, तेव्हा जवळ काडी, उदबत्ती काही नको. नायलॉनची चांगली साडीही नको, आणि सुतीही जुनीच घाला. ॲसिडचा थेंब त्या वेळी दिसत नाही, पुढच्या धुण्यात भोक दिसतं. कातडीवर उडालाच तर भरपूर पाण्याने धुवा.

टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल, तर आधी वजा टोक सोडवायचं, मग अधिक. लावताना उलट, वजा शेवटी. (वजा टोक सुटलेलं असलं की पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही, म्हणून हा क्रम.) वाटीभर पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत मात्र जाऊ देऊ नका. फडक्याने कोरडं करा, पॉलिश पेपरने टोकं चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. आवळलेलं टोक हाताने फिरता कामा नये. निम्मी दुखणी इथेच संपतात, असं मला वाटतं.

दिव्यांचं वागणंही पुष्कळ काही सांगतं. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि मुलाला मागे उभं करून एकेक बटण दाबा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद होतो का? इंडिकेटर लावल्यावर शेजारचा दिवा त्याच्या तालावर मिचमिचतो का? तसं असेल तर बल्ब बदलत बसू नका. त्या दिव्याचा अर्थ खराब आहे आणि करंट परत जायला शेजारच्या बल्बातून वाट शोधतोय. इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर टकटकायला लागला, तर त्या बाजूचा एक बल्ब बहुधा गेलेला असतो. हे दुखणं सरळ आहे.

फ्यूज पुनःपुन्हा उडत असेल, तर दोष निराळा. तिथे वायर तुटलेली नसून कुठे तरी सोललेली आणि बॉडीला घासत असते. फ्यूज त्याच आकड्याचाच घाला. चपट्या फ्यूजांत १० अँपिअरचा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा असतो. “सध्या मोठा घालतो, घरापर्यंत जा” असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. फ्यूज जळायचा तो वाचेल आणि त्याच्याऐवजी वायरिंग जळेल. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद घालणाऱ्याच्या हाती तर गाडी देऊच नका.

उरले ते नंतर बसवलेले लाड. रेडिओ, मागचा कॅमेरा, सेंट्रल लॉकिंग, देवाच्या मूर्तीमागची दिव्यांची माळ! मूळ वायर सोलून, त्यावर दुसरी पिळून, वरून चिकटपट्टी. उन्हात उभ्या गाडीत ती पट्टी पाघळते, सुटते, आणि मग डॅशबोर्डखाली लपंडाव सुरू. सगळं चालू ठेवून तिथल्या वायरी एकेक हळूच हलवून बघा. जिला हलवल्यावर दिवा लुकलुकतो, तीच चोर. दार आणि डिकी यांच्या सांध्यातल्या रबरी नळीतही बघा. हजारो वेळा उघडझाप होऊन आतली तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. काच दार अर्धं उघडल्यावरच वर जाते, ती याचमुळे. एक पथ्य मात्र पाळा. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही.

पावसातच गाडी धक्के देत असेल आणि ती जुन्या पद्धतीची, प्लगला जाड वायरी असलेली पेट्रोल गाडी असेल, तर रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनकडे लांबूनच बघा. वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, की त्या वायरी चिरल्या आहेत. हात लावाल तर जबर झटका बसेल. हे काम गॅरेजचंच.

गॅरेजमध्ये नेताना वही बरोबर न्या आणि ‘गाडी कधी कधी बंद पडते’ असं न म्हणता ‘तापल्यावर, बंद करून दहा मिनिटांनी, एकच कट् आवाज, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात’ असं सांगा. समोरच्याची नजर बदलते, हे मी अनुभवलंय. आणि चार्जिंग तपासायला कुणी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू लागला, तर त्याला थांबवा. फार जुन्या गाड्यांत ते खपून जायचं. आताच्या गाडीतला छोटा संगणक त्याने जायबंदी होऊ शकतो.

जुनी गाडी घ्यायच्या विचारात असाल तर आणखी एक. २०१९च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरला आणि २०२१च्या जुलैत चिपळूणला आलेल्या पुरांत कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून लखलखीत दिसते, पण वायरींच्या जोडांत शिरलेलं पाणी महिनोन् महिने हिरवा गंज धरत राहतं आणि वर्षभराने एकेक दिवा रुसायला लागतो. बघायला गेलात तर सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या. फ्यूजच्या डब्यात एखादा फ्यूज काढून पायांवर हिरवट डाग आहे का तेही बघा.

उंदरांनी वायरी कुरतडल्याची तक्रार दोघींनी केली आहे. पावसाळ्यात उबेसाठी ते इंजिनपाशी येतात. गाडीत मुलांच्या बिस्किटांचा चुरा राहू देऊ नका, आणि गाडी पाच-सहा दिवस उभी राहिली असेल, तर किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडून टॉर्चने बघा. कुरतडलेलं तांबं दिसलं, तर गाडी चालू न करता बॅटरीचं वजा टोक सोडवा आणि मगच वायरमनला बोलवा.