ताळा म्हणजे बडीशेप नव्हे!

"वेळ उरला तर ताळा करा." हे वाक्य गणिताच्या वर्गातून हद्दपार करावं असं माझं स्पष्ट मत आहे. निदान वर्गमूळ असलेल्या समीकरणांपुरतं तरी. तिथे ताळा म्हणजे जेवणानंतरची बडीशेप नाही, तो जेवणाचाच भाग आहे.

साध्या वर्गसमीकरणात ताळा करायचा तो आपली चूक पकडायला. चूक केलीच नसेल तर ताळा नाही केला तरी चालतं. पण समीकरणात वर्गमूळ असलं आणि ते घालवायला दोन्ही बाजूंचा वर्ग केला, की प्रत्येक पायरी बरोबर असूनही खोटं उत्तर हाती येऊ शकतं. हा फरक मुलांना कोणी सांगतं का?

माझ्या पुतणीच्या वहीत हे गणित होतं: √(क्ष + ६) = क्ष. वर्ग केला, क्ष² − क्ष − ६ = ०, अवयव पाडले, उत्तरं ३ आणि −२. त्यातल्या −२ वर काट मारलेली. का गं? "क्लासचे सर म्हणाले, ऋण उत्तर आलं की खोडायचं." मार्क पूर्ण!

मग मी तिला दुसरं दिलं: √(२ − क्ष) = −क्ष. वर्ग करून उत्तरं आली १ आणि −२. तिने शिस्तीत −२ खोडलं. म्हटलं, आता किमती घालून बघ. १ घातला तर डावीकडे १, उजवीकडे −१. −२ घातले तर दोन्हीकडे २. म्हणजे जे खोडलं तेच खरं! ती म्हणाली, "मग काका, हा १ आला कुठून?"

हाच तर प्रश्न! १ आणि −१ वेगळे, पण दोघांचाही वर्ग १. वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं. √(२ − क्ष) = क्ष या दुसऱ्याच समीकरणाचा वर्ग केला तरी तेच वर्गसमीकरण मिळतं, आणि १ हे त्याचं उत्तर. शेजारच्या घरचा पाहुणा आपल्या दारात आला, इतकंच. तो कोणाचा हे चेहऱ्यावरून, म्हणजे धन-ऋण चिन्हावरून, ठरत नाही. विचारावंच लागतं.

आपल्याकडे ही समज नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त भुंग्यांचं गणित आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ इतके भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे आठ नवमांशही गेले, एक कमळात अडकला आणि त्याची भुंगी बाहेर राहिली. उत्तर ७२. आजच्या पद्धतीने वर्ग करून सोडवा, ७२ सोबत साडेचार भुंगेही येतील! 'बीजगणिता'तल्या माकडांच्या एका गणितात त्यांनी ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरं मान्य केली. दुसऱ्यात मात्र ५० ठेवून ५ नाकारलं. तिथे कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून वर्ग करायचा आहे, आणि पाचाचा पाचवा हिस्सा एकच! एकातून तीन माकडं कशी काढणार? म्हणजे त्यांनी नाकारलेलं उत्तर चक्क धन होतं. सरसकट नियम लावला नाही, प्रत्येक वेळी मूळ प्रश्नाकडे वळून पाहिलं.

"परीक्षेत वेळ कुठे असतो?" असं मला हमखास ऐकवलं जातं. अहो, दोन किमती घालून बघायला अर्धा मिनिट पुरतो! वेळ वाचत नाही, विचार वाचतो. आणि 'का' न विचारता काट मारायची सवय गणिताच्या वहीपुरती राहत नाही. दहावीनंतर वर्गसमीकरणं सुटतील, सवय सुटेल का?

शिक्षकांना एकच विनंती. मुलाने खोटं उत्तर खोडलं की "ते आलं कुठून?" एवढं विचारा, आणि सांगता आलं तरच पूर्ण मार्क द्या.