टाके सुकले, पोतं कधी?
२०१७च्या फेब्रुवारीत, मुंबई महापालिकेच्या मतदानावेळी, लेखिका शोभा डे यांनी एका लठ्ठ पोलिसाचा फोटो ट्वीट करून बंदोबस्ताची थट्टा केली. तो निघाला मध्य प्रदेशातल्या नीमचचा निरीक्षक. वजन १८० किलो! थट्टा वाईटच, पण मार्चमध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात त्याच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे साठेक किलो उतरले. आपल्या विदर्भातल्या नितीन गडकरींनी तर २०११ मध्येच ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. पण खुर्चीवर परतणं वेगळं आणि यवतमाळच्या बाजार समितीत तुरीचं पोतं पाठीवर घेणं वेगळं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे टाके चिमुकले, म्हणून गडी लवकर हिंडू-फिरू लागतो. जड ओझं मात्र साधारण चार ते सहा आठवडे वर्ज्य, नाहीतर टाक्यांच्या जागी हर्नियाची भीती. खरी गोम पाण्यात आहे. या शस्त्रक्रियेच्या ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढतात. तांब्याभर पाणी घटाघटा रिचवणाऱ्याला आता एकेक घोट, तोही जेवणानंतर अर्धा तास थांबून. मे महिन्यात पारा ४४ला टेकला की घाम तांब्यानं जातो आणि पाणी घोटानं येतं. मग भोवळ ठरलेली. ताटात भाकरीआधी घट्ट वरण, अंडं हवं. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली नाहीत, तर चरबीबरोबर दंडही झडतात. या सक्तीच्या विश्रांतीत नोंदणीकृत हमालाला १९६९च्या माथाडी कायद्याचा थोडाफार आधार. बिननोंदीच्या गड्याची कमाई पोत्यामागे. घरी बसला की शून्य.