काचेवर गिरवा

मैत्रिणींनो, ‘माझा हातच वळत नाही’ म्हणून मुलांची चित्रकलेची वही बाजूला सारता ना? दोष हाताचा नाही. वस्तू दिसते तशी न काढता आपण ठाऊक असते तशी काढतो. सरळ लांब जाणारी गल्ली दिसेल अशा खिडकीशी उभ्या राहा. एक डोळा मिटा, मान हलवू नका अन् साबणाच्या कोपऱ्याने काचेवरच गल्ली गिरवा. तिच्या दोन्ही कडा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर एका बिंदूत मिळतील. स्टुलावर बसलात की तो बिंदूही खाली उतरतो! विजेचे खांब लहान होत जातील, पण उभेच राहतील. चित्राला उघड्या खिडकीची उपमा इटलीच्या आल्बर्टीने १४३५ सालीच दिली होती. नंतर हेच कागदावर उतरवा. काच काय, पुसायचीच असते!