वाढत्या अंगाचं जाकीट

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे, हा आपल्या घरांतला जुना आणि शहाणा नियम. शर्टाच्या बाबतीत त्यात काही चूक नाही. पण हाच नियम लावून कयाकसाठी लाइफ जॅकेट घेतलेलं मी गेल्या दोन उन्हाळ्यांत अनेकदा पाहिलं, आणि म्हणून हा लेख.

आपल्यातली बरीच मुलं आता इथल्या क्लबांतून वल्हवायला जातात. रेगेनच्या संथ पाण्यावर सुरुवात होते आणि मग फीश्टाखकडचा खळाळता श्वार्त्सर रेगेन त्यांना खुणावू लागतो. कोणी आउग्सबुर्गच्या आइसकनालवर जातं. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकसाठी बांधलेला तो कृत्रिम प्रवाह आजही वापरात आहे. मग घरात जाकिटावरून वाद सुरू होतो. आईवडिलांना ज्यावर मोठा आकडा लिहिलाय ते हवं असतं. मुलांना हवं असतं आखूड, अंगाला चिकटून बसणारं, ५० आकड्याचं. या वादात मी बहुतेक मुलांच्या बाजूचा आहे, पण पूर्णपणे नाही.

आधी आकड्याबद्दल. जाकिटावरचा ५०, १००, १५० किंवा २७५ हा आकडा न्यूटनमध्ये असतो. ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलो वजन उचलणारा जोर. सत्तर किलोच्या माणसाला पाच किलोचा जोर कसा पुरेल, हा प्रश्न मला हमखास विचारतात. उत्तर आर्किमिडीजचं आहे. पाण्यात बुडालेलं शरीर जवळजवळ आपलं आपणच तरंगतं. पाण्याबाहेर ठेवायचं असतं ते डोकं, आणि डोक्याचं वजन चार-पाच किलो. पूर्वी आपल्या गावच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा किंवा बंद पत्र्याचा डबा बांधून पोरं पोहायला शिकायची, तेव्हाही हिशेब हाच होता.

पण ५० आणि १५० यांत फरक केवळ जोराचा नाही. जर्मनमध्ये त्यांना नावंच वेगळी आहेत. ५०चं ते ‘श्विमहिल्फे’, म्हणजे पोहायला मदत करणारं. १५०चं ते ‘रेटुंग्सवेस्टे’, म्हणजे जीव वाचवणारं. बेशुद्ध माणसाला उताणं करून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवणं हे दुसऱ्याचं काम. पहिल्याकडून ती अपेक्षाच नाही. मराठीत आपण दोन्हींना ‘लाइफ जॅकेट’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

मग मुलांना जीव वाचवणारंच का देऊ नये? कारण खळाळत्या पाण्यात पडलेल्या माणसाला स्वतः पोहून बाहेर यावं लागतं. कयाक उलटली तर ती वल्ह्याच्या आणि कमरेच्या जोरावर सुलटी करायची असते. आपोआप फुगणारं जाकीट पहिल्याच बुडीत फुगतं, छातीवर आणि मानेभोवती उशी तयार होते आणि हात फिरेनासे होतात. शिवाय फुगा खडकावर फाटू शकतो, फोम फाटत नाही. समुद्रातल्या शिडाच्या बोटीवर जे उत्तम, ते खडकाळ नदीत अडचण ठरतं.

आता आईवडिलांची बाजू. ते घाबरतात ते योग्यच आहे, फक्त भीतीचा उपाय चुकतो. आपल्या शहरातला दगडी पूल ११३५ ते ११४६ या काळात बांधला गेला. त्याचे खांब रुंद दगडी चौथऱ्यांवर उभे आहेत. त्यांनी डोनाऊचं पात्र आवळलंय, म्हणून मधल्या फटींतून पाणी जोरात सुटतं आणि मागे भोवरे घेतं. पुलावर उभं राहून पाच मिनिटं ते पाणी पाहावं. त्याहून वाईट असतात ते रेगेनवरचे बंधारे. बंधाऱ्याखाली पाणी उलटं फिरत राहतं आणि पडलेल्या वस्तूला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. वर त्या फेसात हवा मिसळलेली असते, त्यामुळे पाणी हलकं होतं आणि जाकिटाचा उचलण्याचा जोरही तिथे कमी पडतो. तिथे कुठलाही आकडा कामाचा नाही. बंधाऱ्याआधी बोट काठाला लावून उचलून न्यायची, एवढंच.

भारतात सुट्टीला कोलाडला जाऊन आलेल्यांचा एक गैरसमज होतो. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिकेत राफ्टिंग चालतं आणि पोहता न येणारेही तिथे मजेत जाऊन येतात. पण तिथे राफ्टवर जाणकार वाटाड्या असतो. कयाकमध्ये आपण एकटे असतो.

म्हणून माझं मत असं, की जाकिटाची खरेदी शेवटची. आधी पोहणं. इथे मुलाला ‘झेपफेर्डशेन’ मिळालं की पेढे वाटतात, पण तो बिल्ला पंचवीस मीटरचा. डीएलआरजी ही जीवरक्षक संस्था कांस्य बिल्ल्यानंतरच मुलाला खात्रीचा पोहणारा मानते: पंधरा मिनिटं पोहणं, त्यात किमान दोनशे मीटर, आणि आणखी काही परीक्षा. कांस्य नाही तर खळाळतं पाणी नाही, असं आईवडिलांनी ठामपणे म्हणावं. स्वतः पोहता येत नसेल तर त्यांनीही शिकावं. साठीनंतरही शिकता येतं, तलावावर अशी मंडळी मला रोज भेटतात.

एवढं झालं की दुकानात जा. पाण्यात जे कपडे घालणार ते घालूनच जाकीट चढवा. पट्टे खालून वर आवळत या. मग दुसऱ्याने खांद्यांना धरून जोरात वर ओढायचं. जाकीट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, किंमत कितीही कमी असो. बसून हात वल्हवल्यासारखे फिरवून बघा. आखूड हवं, म्हणजे बसल्यावर वर ढकललं जात नाही. रंग लाल किंवा पिवळा. काळं जाकीट फोटोत छान दिसतं, पाण्यात दिसत नाही. छातीवरच्या सुटणाऱ्या पट्ट्याचं महागडं जाकीट बचावाचं प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी असतं, ते शौक म्हणून घेऊ नये. अगदी लहान मुलांना मात्र कॉलर आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं १००चंच हवं, आणि त्यांना संथ पाण्यावरच न्यावं. भावंडाचं जुनं जाकीट धाकट्याला देताना फोम दाबून पाहा. कडक झाला असेल किंवा आकसला असेल तर ते बागेत उशी म्हणून वापरा. हो, जाकिटावर बसूही नये. भाड्याच्या बोटीत मिळालेली जाकिटं आपली मंडळी पहिल्यांदा बुडाखाली घेतात.

जुन्या जाकिटाची एक सोपी परीक्षा आहे. सहा किलोचं बिडाचं वजन पाण्यात साधारण पाच किलो भरतं, म्हणजे ५० न्यूटन. मोठ्या माणसाच्या जाकिटाने ते तरंगत ठेवलं पाहिजे. माझ्याकडे असं वजन आहे. पुढच्या उन्हाळ्यात मंडळाची रेगेनवरची सहल ठरली, तर आदल्या शनिवारी आपापली जाकिटं घेऊन तलावावर या, मी वजन घेऊन येतो.