आपलंसं करण्यापेक्षा अवघड काम

रॉक बँडने जुनं गाजलेलं गाणं नव्याने केलं की दाद ठरलेली असते : गाणं त्यांनी अगदी आपलंसं करून टाकलं! या कौतुकातच गफलत आहे. मुरलेल्या बँडला कुठलंही गाणं आपल्या साच्यात बसवणं फारसं जड जात नाही. असं नव्याने केलेलं गाणं, म्हणजेच कव्हर, जोखायचं असेल, तर त्या गाण्यापायी बँडने स्वतःची कोणती सवय मोडली हे पाहावं. शिकागोच्या डिस्टर्ब्ड या हेवी मेटल बँडने २००५ मध्ये जेनेसिस या बँडचं ‘लँड ऑफ कन्फ्युजन’ केलं, तेव्हा दणकट गिटार आणि जोरकस, तुटक शब्दफेक हा त्यांचा नेहमीचाच ऐवज होता. गाणं वठलं, पण बँड जिथल्या तिथे राहिला. २०१५ च्या ‘इमॉर्टलाइज्ड’ अल्बममध्ये त्यांनी ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ घेतलं आणि आपली हुकमी हत्यारं बाजूला ठेवली. पियानोच्या संथ सुरांवर गायक डेव्हिड ड्रेमन खर्जात, जवळजवळ बोलल्यासारखं गाऊ लागतो. पुढे तंतुवाद्यं आणि टिंपनी येतात, गाण्याचा जोर वाढत जातो आणि शेवटी तोच आवाज तारसप्तकात फुटतो. मेटल गिटारची भिंत कुठेच उभी राहत नाही.

यावर रसिकांचा पहिला आक्षेप असा, की हे मुळात हळुवार गाणं आहे, एवढ्या मोठ्या आवाजाने त्याचा जीव जातो. पण मूळ म्हणायचं कशाला? पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल यांनी १९६४ मध्ये ते साध्या अकूस्टिक गिटारवर गायलं, तो अल्बम पडला आणि जोडी पांगली. जून १९६५ मध्ये निर्माते टॉम विल्सन यांनी दोघांना न विचारताच त्या ध्वनिमुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम्स चढवले. जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते हेच. ज्याला आपण अस्सल मानतो, त्यावरही असा नंतरचा हात फिरलेला आहे. शिवाय गाण्यातला निवेदक अंधाराशी स्वगत बोलत सुरुवात करतो आणि पुढे न ऐकणाऱ्या गर्दीला कळवळून बजावतो. ड्रेमनचा चढता आवाज त्या शब्दांच्याच मागे जातो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : दुसऱ्याच्या आयत्या कीर्तीवर पोळी भाजून घ्यायची. त्यात तथ्य आहे. एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेलं मानधन भरून नव्याने ध्वनिमुद्रित करण्याची मुभा अमेरिकेचा कायदाच देतो, त्यामुळे आळशी कव्हरांचं पीक उदंड येतं. मात्र त्या मानधनातून गीतकार-संगीतकाराच्याही पदरात काही पडतं, आणि आयती कीर्ती दुधारी असते, कारण श्रोत्याच्या कानात तुलना आधीच तयार बसलेली असते. २०१६ मध्ये कॉनन ओब्रायनच्या टीव्ही कार्यक्रमातलं डिस्टर्ब्डचं सादरीकरण पाहून खुद्द सायमन यांनी ड्रेमनला कौतुकाची ईमेल पाठवली. रचनाकाराची पावती म्हणजे अखेरचा निवाडा नव्हे. पण गाण्याचा अपमान झाल्याची तक्रार तिच्यापुढे लटकी पडते.

पुढचं कव्हर कानावर येईल तेव्हा त्या बँडची स्वतःची दोन गाणी आधी ऐकावीत. कव्हर ऐकताना त्याच सवयी, त्याच जागा भेटल्या, तर बँडने गाणं वापरलं एवढंच म्हणता येईल. बँड अनोळखी वाटला, तर त्याने गाणं खरोखर वाचलं असण्याची शक्यता मोठी.